मीटरवरची लाख

लातूर, ८ ऑक्टोबर २०२४

जेबा,

तुझं रजिस्टर पत्र काल गोदामाच्या पत्त्यावर आलं. हा पत्ता तुला कुणी दिला? मी इथे कामाला आहे हे आपल्या वर्गातल्या दोघींनाच माहीत आहे, आणि तुझ्याशी बोलणं नाही असं दोघीही मला सांगतात. म्हणजे एक जण खोटं बोलते.

दोन वर्षं माझा नंबर तू बंद करून ठेवलास. आता एकदम चार ओळी. बारा डिसेंबरला वजनमापे कार्यालयात सुनावणी आहे. अब्बांच्या परवान्यावर तुझी तक्रार अजून उभी आहे. पुरावा असेल तर घेऊन ये, नसेल तर लेखी मागे घे. खाली सही. 'कशी आहेस' एवढंही नाही. चार वेळा वाचलं. हे शब्द तुझे वाटत नाहीत, कुणा वकिलानं सांगितलेले वाटतात.

वकील हे पत्र वाचणार असेल तर त्यालाही नीट कळावं, म्हणून पहिल्यापासून लिहिते.

आपण नांदेडला विद्यापीठात उद्योजकतेचं एम.बी.ए. करत होतो. दुसऱ्या वर्षी दोघादोघांनी मिळून खराखुरा धंदा उभा करून दाखवायचा होता. कल्पना माझी. शेतकरी सोयाबीन घेऊन मार्केट यार्डात जातो, आडत्या मीटर लावतो, ओलावा बारा टक्क्यांच्या वर निघाला की भाव पाडतो. गाडी करून आलेला माणूस माल परत नेत नाही, पडेल त्या भावात देऊन येतो. तेव्हा मीटर गावातच न्यायचं, दहा रुपयांत ओलावा दारात सांगायचा, आणि आज न्यायचं की अजून दोन दिवस वाळवायचं हे त्याला घरी ठरवू द्यायचं. मीटर तुझ्या अब्बांनी दिलं. मोहियोद्दीन चाचांचं नांदेडला काटे आणि मीटर दुरुस्तीचं दुकान, त्यांनीच एक जुनं मीटर खोलून, नीट करून आपल्या हातात ठेवलं.

अहमदपूरजवळच्या माझ्याच गावात आपण सुरुवात केली. पहिल्याच आठवड्यात आपल्या मीटरनं अकरा दाखवलेलं सोयाबीन यार्डात चौदा निघालं. एका दिवसात नऊ जणांचं. नऊही जण संध्याकाळी माझ्या दारात उभे होते. आणि अहमदपूरच्या आडत्यांची मीटरं दुरुस्तीला कुणाकडे जायची? चाचांकडेच. दोन्हीकडचं मीटर एकाच माणसाच्या हातातलं. मग मी काय समजायचं होतं?

चौदा नोव्हेंबरच्या आढावा बैठकीत मी हेच आपल्याला शिकवणाऱ्या उमाशंकर सरांसमोर बोलले, आणि नंतर खात्याला लिहून दिलं. जे दिसलं ते लिहिलं. मीटर तुझ्याकडेच राहिलं आहे. पुरावा हवा असेल तर तूच घेऊन ये.

पुनम


लातूर, १५ ऑक्टोबर

जेबा,

मागच्या पत्राला उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी तीन दिवस पोस्टमनकडे बघत होते.

दसऱ्याला गावी गेले होते. एक गोष्ट मागच्या पत्रात चुकीची लिहिली. मीटर तुझ्याकडे नाही, माझ्याकडे आहे. बैठकीत मीच 'मीटर जेबाकडे आहे' म्हणाले, तू माझ्याकडे बघत राहिलीस आणि काही बोलली नाहीस. तू का बोलली नाहीस, हा संशय मला दोन वर्षं आहे. ज्याचं मन साफ असतं तो बोलतो, असं मी स्वतःला सांगत आले.

मीटर आईच्या लोखंडी पेटीत, साड्यांच्या खाली होतं. मी ते बाहेर काढलं. माझं काम आता तेच आहे, हे तुला हसू येईल असं. या गोदामात येणाऱ्या प्रत्येक ट्रकमधून मी नमुना काढते, ओलावा मोजते, माल आत घ्यायचा की परत पाठवायचा ते लिहिते. गुणवत्ता निरीक्षक. उद्योजकता शिकून नोकरी. आपल्या वर्गातले बहुतेक असेच आहेत. एक जण बँकेत आहे, एक जण विमा विकतो, आणि ज्यानं आजवर एकही धंदा केला नाही असा एक जण पुण्याला धंदा कसा करावा याचे वर्ग घेतो.

गोदामाचं मीटर दर महिन्याला तपासून येतं. मी ते दोन दिवसांसाठी मागून नेलं होतं. घरच्या सोयाबीनची एकच वाटी भरून दोन्ही मीटरांत आळीपाळीनं घातली. गोदामाच्या मीटरनं साडेतेरा दाखवलं, आपल्यानं साडेदहा. पाच वेळा केलं, पाचही वेळा तीनचा फरक.

म्हणजे आडत्यांची मीटरं बरोबर होती. आपलंच कमी दाखवत होतं. आता मला सांग, चाचांनी आपल्याला असं मीटर का दिलं? पोरींचा धंदा चालला असता तर आडत्यांचं गिऱ्हाईक तुटलं असतं म्हणून? माझा संशय चुकीच्या मीटरवर होता, पण चुकीच्या माणसावर होता असं मला अजून वाटत नाही.

पुनम


लातूर, ७ नोव्हेंबर

जेबा,

दिवाळीच्या सुट्टीत मीटर घेऊन बसलिंगप्पांकडे गेले. उदगीरकडचे म्हातारे कारागीर, डाळ मिलांचे काटे बघतात. इथे गंजगोलाईच्या बाजारामागं एका बोळात बसतात. तुमचं दुकान त्यांना माहीत नाही याची आधी खात्री करून घेतली. चाचांचं नाव त्यांना सांगितलं नाही. मी फक्त म्हणाले, "हे कमी दाखवतं. कुणी केलं ते सांगा."

त्यांनी मागचं झाकण काढलं, भिंग लावलं. मग मलाच बघायला सांगितलं. आत आकडा वरखाली करायचा एक बारीक स्क्रू असतो. त्याच्या डोक्यावर तपकिरी लाखेचा ठिपका होता, अर्धा निघालेला.

"ज्यानं मीटर नीट केलं त्यानं ही लाख लावली," ते म्हणाले. "हात लई सफाईदार हाय. लाख लावली की स्क्रू हलत न्हाई. कुणी हलवला की लाख तुटते."

"मग त्यानंच नंतर हलवला असेल."

"त्यो हलवील तर पुन्हा लाख लावील ना. आन हे बघा ओरखडे. ह्ये पेचकसाचे न्हाईत, चाकूचे हायेत. घरातला चाकू, भाजीचा. कारागीर चाकू लावत नसतो, ताई."

मी विचारलं, हे कधी झालं असेल. ते हसले. लाख काही तारीख सांगत नसते म्हणाले.

संशय माणसाला मोकळं सोडत नाही. बसमध्ये बसल्या बसल्या आधी तुझाच विचार आला. तुझ्या हातात मीटर कधी होतं? पहिल्या दिवशी गावात आपण दोघी होतो. दुसऱ्या दिवशी तू नांदेडला परत गेलीस, आईला दवाखान्यात न्यायचं होतं म्हणून. मला ताप भरला. चार दिवस मी अंथरुणात होते. त्या चार दिवसांत गावात मीटर घेऊन कोण फिरत होतं ते तुला माहीत आहे. मलाही माहीत आहे. इथे लिहीत नाही, कारण अजून विचारलेलं नाही.

पुनम


गावाकडून, २७ नोव्हेंबर

जेबा,

विचारलं.

शेषेराव काका. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. तू त्यांच्या हातचा चहा प्यायली आहेस, ते तुला 'नांदेडच्या पाहुण्या' म्हणायचे. मला नांदेडला पाठवायला घरात सगळ्यांचा नकार होता. पोरीची जात, असली कसली पदवी, जिच्यानं नोकरी लागत न्हाई, असं वडील म्हणायचे. काका एकटे माझ्या बाजूनं भांडले. माझी बॅग डोक्यावर घेऊन ते फाट्यापर्यंत आले होते. हे लिहिते आहे कारण पुढचं वाचून तू त्यांना एकाच रंगात बघशील, आणि मला तसं बघता येत नाही.

ते तुरीच्या वावरात होते. मी मीटर त्यांच्यासमोर ठेवलं. म्हणाले, "अजून ठिवलंस व्हय हे?"

"काका, याचा स्क्रू कुणी फिरवला?"

ते विळ्याची धार अंगठ्यानं बघत राहिले. मग म्हणाले, "तू तापात पडली व्हतीस. म्या मीटर घिऊन फिरलो. ज्याच्या दारात जावं त्याचं चौदा, पंधरा. लोक तोंडं वाकडी करत व्हते. म्हणत व्हते, तुमची पोरगी आडत्यापेक्षा वाईट निघाली, दहा रुपये घिऊन वाईटच सांगती. एकानं तर मीटरला हात लावू दिला न्हाई. मला वाटलं, धंदा पहिल्याच आठवड्यात बसतो. मीटर घ्यायला तुमच्यासंगं आलो तवा मोहियोद्दीननं खोलून दाखवलं व्हतं, म्या बगितलं व्हतं कुठं फिरतंय. जरा फिरवला. दोन-तीन आकडे कमी दिसले तर लोक खूश व्हतील, पुन्हा बोलावतील. यार्डात असं व्हईल हे डोक्यात आलं न्हाई बघ."

"आणि तक्रारीचा अर्ज?"

"त्यो पण म्याच लिहून आणला व्हता. तुला ठाऊकच हाय."

"का लिहिलात?"

"नऊ माणसं दारात उभी व्हती, पुनम. कुणाचं तरी नाव घ्यावंच लागणार व्हतं. तुझं लगीन व्हायचं व्हतं. त्यो नांदेडचा माणूस, आपल्या गावाला कशाला येतोय."

नांदेडचा, असं ते म्हणाले. दुसरा शब्द त्यांनी उच्चारला नाही. त्या अर्जातही तो नव्हता. पण ज्यानं ज्यानं अर्ज वाचला त्यानं तोच वाचला. चाचांचं नाव वाचल्यावर माझ्या गावात एकानंही पुढचा प्रश्न विचारला नाही. मला त्या वेळी त्याचं बरं वाटलं होतं.

आता जे मी तीन पत्रांत लिहिलं नाही ते लिहिते. बसलिंगप्पांनी दाखवली ती तुटलेली लाख मी आधी पाहिली होती. बैठकीच्या दिवशी सकाळी मीटर पिशवीत भरताना मागचं झाकण सैल लागलं, म्हणून उघडलं. तुटलेला ठिपका दिसला, ओरखडे दिसले. कुणाचे ते मला तेव्हाच कळलं असं म्हणणार नाही. पण चाचांचे नाहीत एवढं कळलं होतं. त्यांना काम करताना मी तुझ्या दुकानात तासन् तास पाहिलं होतं. मीटर पिशवीच्या तळाशी घातलं, आणि बैठकीत म्हणाले, मीटर जेबाकडे आहे.

उमाशंकर सरांनी पहिल्या सत्रात सगळ्यांकडून एक प्रश्न लिहून घेतला होता. भागीदार सोडून गेला तर काय कराल? मी दोन पानं लिहिली होती, करार, कलमं, नुकसानीची वाटणी. तुझा कागद सरांनी वर्गात वाचून दाखवला. एकच ओळ होती. 'ती जाणार नाही.' वर्ग हसला होता, मीही हसले होते.

बारा तारखेला मी येते. मीटर घेऊन येते.

काकांनी निघताना एकच सांगितलं. "माझं नाव घिऊ नको." घेणार आहे की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. तुला हे आधी सांगते, त्यानं तुझा माझ्यावरचा संशय फिटणार नाही, पण निदान तो योग्य जागी तरी राहील.

पुनम


लातूर, २३ डिसेंबर

जेबा,

बारा तारखेला तू होतीस, सगळं ऐकलंस. तरी लिहिते, कारण तू ऐकत होतीस तेव्हा माझ्याकडे बघत नव्हतीस, आणि कोणतं ऐकलंस ते मला कळलं नाही.

सुनावणी घेणाऱ्या मॅडमनी अर्ज माझ्यासमोर ठेवून विचारलं, ही सही तुमची? हो म्हणाले. मजकूर खरा? नाही म्हणाले. मग मीटर कुणी बिघडवलं? मी काकांचं पूर्ण नाव, गाव आणि नातं सांगितलं. कारकुनानं नातं दोनदा विचारलं. त्याला वाटलं मी चुकून बोलले.

मग चाचांना विचारलं, तुम्हाला काही म्हणायचं आहे का. ते किती वाळले आहेत, जेबा. शर्टाची कॉलर गळ्याभोवती मोकळी फिरत होती. त्यांनी मीटर हातात घेतलं, झाकण काढलं आणि ठिपक्यावर बोट ठेवलं.

"ही लाख माझी हाय, मॅडम," ते म्हणाले. "आम्ही लाख कशाला लावतो? कुणी हात लावला तर समजावं म्हणून. दोन बरस मी हेच बोलून राहिलो, मीटर आणा, लाख बघा. कुणी बघितलीच न्हाई."

"मी बघितली होती," मी म्हणाले. हे विचारलेलं नव्हतं. मॅडमनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि तेही लिहून घ्यायला सांगितलं.

चाचा माझ्याकडे वळले. मला वाटलं आता बोलतील, आणि जे बोलतील ते ऐकायची मी तयारी केली होती. त्यांनी मीटरचं झाकण नीट बसवलं, रुमालानं पुसलं, आणि टेबलावर माझ्या बाजूला सरकवून ठेवलं.

जिन्यात मी तुझ्या मागून आले. तुला हाक मारली. तू चाचांचा दंड धरला होतास. तू म्हणालीस, "अब्बा, पायरी." एवढंच.

परत येताना बसमध्ये एक शंका आली, तीही लिहून टाकते. खरं बोलले ते तुमच्यासाठी की स्वतःला हलकं वाटावं म्हणून? हलकं वाटलं असतं तर उत्तर मिळालं असतं. वाटलं नाही. काकूंचा फोन आला होता. काका घरात जेवत नाहीत, भाकरी वावरात मागवतात. माझे वडील माझ्याशी बोलत नाहीत. नोकरीच्या ठिकाणीही बातमी आली आहे. साहेबांनी बोलावून विचारलं, खोटी तक्रार केली होती का. हो म्हणाले. तेव्हापासून माझ्या नोंदीवर दुसऱ्या एकाची सही लागते. ट्रकवाले विचारतात, मॅडम, आता दोन-दोन सह्या का? मी सांगते, नियम बदलला.

पुनम


नांदेड, २० जानेवारी २०२५

पुनम,

परवाना नूतनीकरणाचा कागद मिळाला. तुझी पत्रं मीही वाचली आणि अब्बांनीही वाचली. वकील नव्हता. त्या चार ओळी मीच लिहिल्या होत्या. जास्त लिहिलं असतं तर शिव्या लिहिल्या असत्या.

बैठकीत मी का बोलले नाही, असं तू विचारलं आहेस. तू 'मीटर जेबाकडे आहे' म्हणालीस तेव्हा मला वाटलं, तू काहीतरी सांभाळून घेते आहेस, नंतर बाहेर येऊन मला सांगशील. मी बाहेर कॅन्टीनपाशी पाच वाजेपर्यंत थांबले होते.

अब्बा आता दुकानात बसत नाहीत. हात थरथरतो. आडत्यांनी दोन वर्षांत दुसरा कारागीर शोधला, ते काही परत यायचे नाहीत. परवाना मी माझ्या नावावर करून घेते आहे, काम मला येतं. आणि आपला जो धंदा होता तो मी पुन्हा सुरू करते आहे, एकटीनं. दोन नवी मीटरं घेतली आहेत. तूर निघाली की अहमदपूर तालुक्यातली गावं घेणार. तुझं गाव रस्त्यावर आहे, ते मी टाळणार नाही.

तुझ्या गावात मी मीटर घेऊन उभी राहिले की लोक विचारतील, ही कोण, तीच का ती? ते मी सांगणार नाही. ते तू सांगायचं आहे, मी येण्याआधी. कार्यालयातल्या खोलीत ऐकणारी चार माणसं होती. गावात नऊ घरं आहेत.

याहून जास्त काही मला तुझ्याकडून नको आहे.

जेबा


गावाकडून, १० फेब्रुवारी

जेबा,

काल सकाळी सांगितलं. दूध घालायला सगळे डेअरीपुढं येतात, तेव्हा. नऊपैकी सात जण होते, उरलेल्या दोघांच्या घरी नंतर जाऊन आले. काका कॅन घेऊन आले होते. मी बोलायला लागले तेव्हा ते जाऊ शकले असते. गेले नाहीत. भिंतीला टेकून खाली बघत उभे राहिले.

मी सगळं सांगितलं. मीटरचा स्क्रू कुणी फिरवला, अर्ज कुणी लिहिला, सही कुणी केली, आणि सही करणारीला काय माहीत होतं. शेवटचं मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं.

आता तू मीटर घेऊन येणार आहेस हेही सांगितलं. कुणाला माझी कीव आली नाही, ते बरंच झालं. मग यार्डात ज्याचं सगळ्यात जास्त गेलं होतं तो म्हणाला, "मंग आता त्या पोरीचं मीटर खरं, हे कशावरून? तवा तुझं खरं मानलं, मंग तुझ्या अर्जाचं खरं मानलं. आता हेबी तूच सांगतीस."

त्याचं बरोबर होतं. माझ्या शब्दावर या गावात कुणी आता पोतं उचलणार नाही.

तेव्हा सरजाबाई पुढं आल्या. आमच्या गल्लीत राहतात, एकट्या, चार एकर स्वतः करतात. त्यांचा माल त्या वर्षी या भानगडीत नव्हता. पोरीसोरींच्या मीटरवर माझा भरवसा नाही म्हणून त्यांनी आपल्याला दारातूनच परत लावलं होतं. रिकामी किटली हातात घेऊन म्हणाल्या, "ही सांगती म्हणून कोण घेतंय खरं? ती यील, माझी तूर मोजील. तीच तूर म्या दुसऱ्या दिवशी यार्डात मोजीन. दोन्ही आकडे सारखे आले तर खरी. न्हाई आले तर हितंच सांगीन, सगळ्यांच्या म्होरं. हाव का न्हाई?"

कुणी नाही म्हटलं नाही.

सरजाबाईंची तूर पुढच्या आठवड्यात खळ्यावर येते. त्यांचं घर शाळेच्या मागच्या गल्लीत, निळं दार. अहमदपूरहून सकाळी पावणेनऊची बस फाट्यावर थांबते, तिथून गाव अर्धा मैल, चालत येण्यासारखं आहे. त्या दिवशी मी लातूरलाच असेन. तू मोजायला आलीस तेव्हा मी जवळ होते असं कुणाला म्हणता येऊ नये.

पुनम